वेल्टाबाईंनी धरलेला स्वर

वेल्टाबाईंचं नाव कधीच कुठल्या कार्यक्रमपत्रिकेवर छापून आलं नाही. मेझुपे गावच्या संगीत विद्यालयात त्यांनी एकतीस वर्षं पियानो वाजवला, आणि त्या एकतीस वर्षांच्या पत्रिका ग्रंथालयात गठ्ठे बांधून ठेवल्या आहेत. खोटं वाटत असेल त्याने काढून बघाव्यात. सगळ्यांत वर संचालन करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव, त्याखाली त्याच्या गुरूचं, मग गाणं रचणाऱ्याचं, आणि एका वर्षी तर मंचावर ट्यूलिपची फुलं ज्याने पुरवली त्या फुलवाल्याचंसुद्धा. तळाशी बारीक अक्षरांत 'पियानोची साथ' एवढे दोनच शब्द. साथ काय भुताने केली?

सुरुवातीला त्यांना याचा संताप यायचा. पुढे चपलेतल्या खड्याची होते तशी सवय झाली. बोचत राहतं, पण माणूस चालत राहतो. परीक्षा संपली की विद्यार्थी गुरूंना भलामोठा गुच्छ देत आणि बाईंना एक फूल. बाई ते फूल डब्याच्या पिशवीत उभं खोचून घरी नेत आणि काकडीच्या रिकाम्या बरणीत ठेवत. नवरा आयर्लंडला मशरूमच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता, त्याला आता चौदा वर्षं झाली होती. त्यामुळे फूल कुणी दिलं असं घरात विचारणारं कोणी नव्हतं.

बाईंचं काम विद्यालयाबाहेरच्या माणसाला चटकन समजत नाही. समूहगान विभागात पोरं चार वर्षं संचालन शिकतात, पण त्यांच्यासमोर समूह नसतो. एकेका पोराच्या तासाला चाळीस गाणारे कोण उभे करणार? म्हणून खोलीत पियानो असतो, पियानोवर वेल्टाबाई असतात, आणि पोरगं त्यांच्याकडे तोंड करून हात हलवतं. वरच्या पट्टीतल्या मुली म्हणजे बाईंचा उजवा हात, खर्जातले पुरुष म्हणजे डावा. पोराने हात उचलून श्वास दिला, म्हणजे 'आता घ्या' अशी खूण केली, की गाणं सुरू, मूठ मिटली की बंद. निदान तसं समजायचं असतं.

खरी रीत वेगळी होती. बाई बावीस वर्षांच्या असताना नोकरीला लागल्या, तेव्हा त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या साथीदार बाईंनी पहिल्याच आठवड्यात त्यांना बाजूला घेतलं. "हे बघ पोरी," त्या म्हणाल्या, "परीक्षेत पोराचा हात पडतो. घाबरतं, विसरतं. हात पडला तरी गाणं पडू द्यायचं नाही. आपण पुढे न्यायचं. परीक्षकांना काही कळत नाही." वेल्टाबाईंनी विचारलं, "ही फसवणूक नाही का हो?" म्हातारी हसली. "ही माया आहे," ती म्हणाली. बाल्टिकच्या या किनाऱ्यावर अशी एकही शाळा नसेल जिथे ही माया चालत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच बोलत नाही.

बाईंनी तीस वर्षं ती माया केली. दीडशे पोरं त्यांच्या बोटांवरून पलीकडे गेली, आणि त्यातली निम्मी आज गावोगावच्या गानवृंदांसमोर उभी राहून हात हलवतात.

मग त्या वर्षी दार्ता आणि आन्सिस शेवटच्या वर्गात आले.

आन्सिस ब्रेन्सिस हे नाव मेझुपेत उच्चारलं की माणसं खुर्चीत जरा सरळ बसतात. त्याचे आजोबा राजधानी रीगाच्या मोठ्या गानमहोत्सवात हजारो लोकांसमोर उभे राहिलेले. विद्यालयाच्या जिन्यात त्यांची तसबीर आहे, गळ्यात मानाचा ओकच्या पानांचा जाड हार, हात असे वर उचललेले. मुख्याध्यापक गुनार्स हे त्या आजोबांचे शिष्य, आणि संचालन तेच शिकवत. आन्सिस पोरगा गोड होता. खर्जात छान गायचा, बाईंच्या वह्या उचलायचा, बाईंच्या नामदिनाला, म्हणजे दिनदर्शिकेत त्यांचं नाव येतं त्या दिवशी, न चुकता चॉकलेट आणायचा. फक्त त्याच्या हाताला काही म्हणायचं नव्हतं. हात सुंदर हलायचा, आजोबांसारखाच, पण त्यात ना श्वास ना थांबा.

दार्ता तेवीस किलोमीटरवरच्या दुधाच्या गोठ्यावरून यायची. आई तिथे धारा काढायची. पोरगी पहाटेच्या बसने येताना रात्रीच्या शेकोटीचा नि गाईंचा वास घेऊनच यायची, आणि वर्गातल्या मुली नाकं मुरडायच्या. एकदा बाईंनी तिला विचारलं, "घरी सराव कसा करतेस गं? पियानो नाही ना?"

"गाईंसमोर करते, बाई."

"आणि त्या ऐकतात?"

"हात नुसता हलवला तर बघतसुद्धा नाहीत. मी खरंच थांबवलं तरच थांबतात." ती हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

त्या वर्षी पणाला एकच गोष्ट लागली होती. जूनमध्ये नदीकाठच्या कुरणात जिल्ह्याचा गानदिन होता. बाराशे गाणारे, उंच लाकडी मंच, आणि रीगाच्या संगीत अकादमीचे लोक पहिल्या रांगेत. त्या मंचावर एक गाणं विद्यालयातल्या एका विद्यार्थ्याला चालवायला मिळणार होतं. अंतिम परीक्षेत ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याला. अकादमीत जागा मिळवायची तर त्याहून सरळ रस्ता नाही, आणि गोठ्यावरून येणाऱ्या पोरीला दुसरा रस्ताच नाही.

हिवाळ्यात चाचणी परीक्षा झाली. गाणं दोघांनाही एकच होतं, पियानोवर उतरवलेलं समूहगान. मध्यावर सगळ्यांनी एका स्वरावर थांबायचं, संचालकाचा हात सोडेपर्यंत धरून ठेवायचं, आणि मग अगदी हलक्या आवाजात पुढे जायचं. गाण्याचा सगळा जीव त्या थांब्यात. आन्सिसने थांबवलं आणि नेहमीप्रमाणे पुढचा श्वास द्यायला विसरला. बाईंनी मनात चार मोजले आणि स्वतःच पुढे गेल्या. आन्सिसचा हात त्यांच्या मागून डौलात आला.

दार्ताने सुरुवातीलाच गती संथ मागितली, नेहमीपेक्षा बरीच संथ. बाईंना वाटलं, पोरगी घाबरली. गुनार्सनीही आदल्या दिवशी बजावलं होतं, "तिच्या नादी लागू नकोस वेल्टा, आपल्या नेहमीच्या चालीत वाजव." मग बाईंनी तिलाही 'वाचवलं'. नेहमीच्या गतीत वाजवत तिला ओढत घेऊन गेल्या.

दोन दिवसांनी फळ्यावर गुण लागले. आन्सिसला दहापैकी नऊ, दार्ताला आठ. खाली बाहेरगावच्या परीक्षक बाईंनी खास शेरा दिला होता: 'ब्रेन्सिस याचा थांब्यानंतरचा प्रवेश अप्रतिम. ही गोष्ट शिकवून येत नाही.'

वेल्टाबाईंनी तो शेरा तीनदा वाचला. पहिल्यांदा त्यांना हसू आलं. तिसऱ्यांदा कानशिलं तापली. तो प्रवेश त्यांच्या दहा बोटांचा होता. नऊ गुण त्यांना मिळाले होते आणि नाव लागलं होतं ब्रेन्सिसचं.

मागे दार्ता उभी होती. "बाई," ती म्हणाली, "मी संथ मागितलं होतं."

"परीक्षकांना आवडलं नसतं गं."

"त्यांनी ऐकलंच कुठे?"

एवढं बोलून ती बस पकडायला गेली. बाई तिथेच उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत कुणी त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता.

त्या थेट गुनार्सच्या खोलीत गेल्या. दोघं एकेकाळी याच शाळेत एका बाकावर बसलेले. त्यामुळे अहोजाहोची भानगड नव्हती.

"गुनार, त्या पोराला थांब्यातून बाहेर पडता येत नाही. मी काढते त्याला बाहेर."

"अगं, मग ते तुझं कामच आहे."

"आणि दार्ताला येतं, तर मी तिला ओढून बिघडवलं. तू सांगितलंस म्हणून."

गुनार्सनी चष्मा पुसायला काढला. अडचणीचं बोलणं निघालं की ते नेहमी चष्मा पुसत. "दार्ता मेहनती आहे. पण मंचावर उभं राहायला एक रुबाब लागतो, वेल्टा. आन्सिसची बोटं बघितलीस? थेट आजोबांची."

"बोटं आजोबांची असतील. स्वर माझे होते."

"तू दमलीयेस. उन्हाळ्यात समुद्रावर जाऊन ये चार दिवस."

बाईंना सर्वांत जास्त कशाचा राग आला असेल तर या चार दिवसांच्या समुद्राचा. बाई काही खरं बोलली की ती दमलेली असते. पुरुष तेच बोलला असता तर बैठक बोलावली असती. त्या घरी आल्या, राईच्या पावाला लोणी लावलं आणि तो तुकडा न खाता खिडकीशी बसून राहिल्या. खिडकीत टोमॅटोची रोपं रांगेत उभी होती. गुनार्सला शिव्या घालून झाल्या, परीक्षकांना घालून झाल्या, आणि मग शिव्या संपल्या तेव्हा समोर एकच माणूस उरलं. पोरांना दहा बोटांवर बसवून नेणारं कोण होतं? परीक्षक बिचारे जे ऐकू येत होतं त्याला गुण देत होते. बारा हजार वेळा खोटं वाजवणारी बाई तर ही इथे बसली होती, पावाचा तुकडा हातात धरून.

त्यांनी ठरवलं. मेमधल्या अंतिम परीक्षेत त्या फक्त हात जे दाखवेल तेच वाजवतील. सगळ्यांना सारखंच. आन्सिसला आधी सांगावं का, यावर त्या आठवडाभर तळमळल्या. सांगितलं तर तो गुनार्सला सांगणार, आणि परीक्षेला पियानोवर दुसरंच कुणी बसणार. म्हणून नाही सांगितलं. पुढे त्यांना त्याचा जाब द्यावा लागणार होता.

परीक्षेच्या दिवशी हिरव्या कापडाच्या लांब टेबलामागे पाच जण बसले. बाहेरगावच्या परीक्षक बाई मध्यभागी, त्यांच्या शेजारी गुनार्स. दालनाच्या खुर्च्यांवर आईबाप आणि विद्यार्थी. आन्सिसची आई पुढे, मांडीवर गुच्छ. दार्ताची आई दाराशी, कामावरच्या बुटांत, परत जायची घाई असलेली.

दार्ता आधी आली. तिने हात उचलला आणि तसाच ठेवला. बाईंनी बोटं स्वरांवर ठेवून वाट पाहिली. मग श्वास आला, आणि बाईंनी वाजवलं, तिने मागितलं तसं, संथ. इतक्या वर्षांत हे गाणं त्यांनी किती वेळा वाजवलं असेल, पण पहिल्या ओळीनंतर त्यांना वाटलं की हे आपल्याला माहीतच नव्हतं. त्या गतीत मधल्या पट्टीतला एक सूर, जो नेहमी घाईत चिरडला जायचा, तो उघडा पडून चमकत होता. थांब्यावर दार्ताने सगळ्यांना धरून ठेवलं, खूप वेळ, अंगावर काटा येईपर्यंत, आणि मग दोन बोटांनी सोडलं. बाईंना काहीच करावं लागलं नाही. दालनात कुणी खोकलंही नाही.

मग आन्सिस. बाईंकडे बघून त्याने डोळे मिचकावले, नेहमीसारखे. सुरुवात बरी झाली, कारण सुरुवातीला त्याचा हात नकळत बरोबर चालायचा. मग थांबा आला. त्याने दोन्ही हात वर धरले, आणि श्वास न देताच हात पुढच्या ओळीत डौलात हलवायला लागला.

बाईंनी स्वर दाबून धरले होते. सोडलेही नाहीत, पुढेही गेल्या नाहीत. पियानोचा स्वर गाणाऱ्यांसारखा टिकत नाही. तो हळूहळू विरला, विरून संपला, आणि बाईंची दहा बोटं मुक्या पट्ट्यांवर तशीच राहिली. आन्सिसचा हात शांततेत हलत होता. एक ओळ, दीड ओळ. मग त्याच्या लक्षात आलं आणि हात हवेतच अडकला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना बाईंना दिसला, आणि त्या क्षणी आपण दुष्ट आहोत असं त्यांना वाटलं. तरी बोटं हलली नाहीत.

गुनार्स उभे राहिले. "वेल्टा, पान उलटायचं राहिलं का?"

"पान समोरच आहे. मी हात बघतेय."

"काय झालं काय तुला?"

"मला काही झालं नाही, गुनार. त्याने सोडलं नाही, म्हणून मी धरून बसलेय."

कुणीतरी मागे हसलं. आन्सिस मंचावरून उतरला आणि सरळ दाराबाहेर गेला. त्याच्या आईने गुच्छ खुर्चीवर ठेवला, आणि परीक्षेचं ते दालन अर्ध्या तासासाठी रिकामं करण्यात आलं.

संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली. 'साथीदार श्रीमती वेल्टा रुड्झीते यांची प्रकृती अचानक बिघडल्यामुळे विद्यार्थी ब्रेन्सिस याची परीक्षा उद्या दहा वाजता पुन्हा घेण्यात येईल.' एकतीस वर्षांत पहिल्यांदा बाईंचं पूर्ण नाव आडनावासकट छापून आलं, आणि तेही खोट्यासाठी. दार्ताचे गुण त्याच फळ्यावर होते. नऊ, आणि शेरा: 'गती अंमळ संथ.' म्हणजे आन्सिसला उद्या नऊ मिळाले की बरोबरी, आणि बरोबरी झाली की रुबाब बघितला जाणार.

"बाई, तुम्हाला खरंच बरं नाही?" दार्ताने विचारलं. तिच्या हातात ट्यूलिपची तीन फुलं होती. गुरूंसाठी वेगळा गुच्छ तिने आणलाच नव्हता.

"ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "आयुष्यात इतकी बरी नव्हते."

दुसऱ्या दिवशी पियानोवर लीवाला बसवलं. लीवा बाईंचीच जुनी विद्यार्थिनी, पंचवीस वर्षांची, नोकरी कच्ची, नजर वहीत गाडून वाजवणारी. हात पडला तरी गाणं पडू द्यायचं नाही हे तिला कुणी शिकवलं होतं ते सांगायला नको. वेल्टाबाई मागच्या रांगेत जाऊन बसल्या. गुनार्सनी त्यांच्याकडे पाहिलं, पण परीक्षा सर्वांना खुली असते, उठवणार कसं?

आन्सिस आला. रात्रभर झोपला नसावा, डोळे सुजलेले. त्याने बाईंना शोधलं, पाहिलं, आणि डोळे मिचकावले नाहीत. सुरुवात झाली, थांबा आला, त्याने दोन्ही हात वर धरले.

आणि मग त्याने ते खाली सोडले. मांड्यांना चिकटवून सैनिकासारखा उभा राहिला.

लीवाने वहीत बघत चार मोजले आणि पुढे गेली. हलक्या आवाजात, सुरेख. गाणं चाललं होतं आणि चालवणारा हात बाजूला लावून उभा होता. दालनातल्या दीडशे माणसांना ते दिसत होतं. टेबलामागच्या पाचांपैकी दोघं मान खाली घालून कागदावर काही लिहीत होते. त्यांना दिसायला आणखी अर्धं पान लागलं. शेवटच्या ओळीला लीवाने मान वर केली, आणि तिचा डावा हात पियानोवरच थिजला.

"थांब्यानंतर मी काही केलं नाही," आन्सिस टेबलाकडे बघून म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "आता गुण कुणाला देणार?"

परीक्षक बाईंनी लेखणी खाली ठेवली. आदल्या हिवाळ्यात स्वतः काय शेरा दिला होता तो त्यांना बहुतेक आठवला असावा, कारण त्या लाल झाल्या.

गुनार्स म्हणाले, "आन्सिस, अरे निदान आजोबांचा तरी विचार कर."

"करतोय. आजोबांना साथ कोण करायचं, सर?"

गुनार्सनी तोंड उघडलं आणि चष्म्याला हात घातला. कुणालाच ते नाव माहीत नव्हतं.

बाहेर ओट्यावर आन्सिसने वेल्टाबाईंना गाठलं. त्यांना वाटलं पोरगा आभार मानेल, किंवा रडेल, आणि त्यांनी हात पुढे केला. तो मागे सरला.

"चार वर्षं, बाई," तो म्हणाला. "दर आठवड्याला दोन तास. मला वाटायचं मला येतं. घरी सगळे म्हणायचे येतं. परीक्षक म्हणायचे. आणि तुम्हाला माहीत होतं."

"अरे, मी तुला वाचवत होते."

"कशापासून? शिकण्यापासून?"

बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आणि काल न सांगता सोडून दिलंत. सगळ्यांसमोर. पहिल्या वर्षी सोडलं असतंत तर पडलो असतो, उठलो असतो. दार्ता नाही पडायची गाईंसमोर? मला एक गाय तरी द्यायची होतीत."

वेळ दुसरी असती तर बाई हसल्या असत्या. इतके महिने त्या जगावर चिडल्या होत्या, आणि त्यांचा सगळा राग खरा होता. पण या पोराचा राग त्याहून खरा होता. गुनार्सने त्याला आजोबांची बोटं दिली, घराने आडनाव दिलं, आणि त्यांनी स्वतः त्याला स्वर दिले. त्याचं म्हणून काही कुणी उरू दिलं नाही.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "चार वर्षं चुकलं, आणि कालही चुकलं. काल सांगायला हवं होतं."

तो मान हलवून निघून गेला.

गानदिनाचा मंच दार्ताला मिळाला. न्याय झाला म्हणून नाही; नऊच्या जवळपास दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. गुनार्सनी तिला बोलावून सांगताना तीनदा 'या परिस्थितीत' असं म्हटलं. बाईंना त्यांनी कळवलं की सप्टेंबरपासून निम्मे तास लीवा घेईल. बाई म्हणाल्या, "घेऊ दे. पण तिला मी नवीन रीत शिकवणार, आणि ती शिकवायला तुझी परवानगी मागणार नाही." गुनार्स चष्मा पुसत राहिले. आन्सिसला मात्र कुणी काही सुचवायच्या आतच त्याने अर्ज दिला होता, शेवटचं वर्ष पुन्हा करण्याचा. त्याची आई आठवडाभर रस्त्यात बाईंना ओळख देत नव्हती.

जूनच्या त्या दुपारी कुरणात ऊन होतं आणि नदीवरून वारा. बाई गावच्या वृंदात खालच्या पट्टीच्या बायकांत उभ्या होत्या, गानदिनाचा लोकरीचा पारंपरिक घागरा टोचत होता. दोन रांगा मागे, खर्जातल्या पुरुषांत, आन्सिस. छापील पत्रिकेत दार्ताचं नाव होतं, गुनार्सचं होतं, आणि जेवणाची सोय करणाऱ्या दूध संघाचंही. बाईंनी वाचून ती घडी घालून खिशात टाकली. दार्ताची आई आज बूट बदलून आली होती.

दार्ता लाकडी पायऱ्या चढून वर गेली, एवढीशी दिसत होती. तिने हात उचलला आणि धरून ठेवला. बाराशे माणसांनी श्वास घेतला, बाईंनीही. किती वर्षांनी त्यांना वाजवायचं काही नव्हतं. फक्त बघायचं होतं.

थांब्यावर तिने धरलं. गाणारी माणसं पियानोसारखी विरत नाहीत, ती भरत जातात. स्वर कुरणभर उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. जुन्या सवयीने बाईंच्या मनात आकडे सुरू झाले, एक, दोन, तीन, चार, आणि चारवर त्यांचं तोंड पुढच्या शब्दासाठी हलणारच होतं. त्यांनी दात दाबून ते अडवलं. पाच. सहा. दार्ताची दोन बोटं हलली, आणि बाराशे जण एका वेळी पुढे गेले.

गाणं संपल्यावर कुणीतरी दार्ताच्या गळ्यात ओकच्या पानांचा हार घातला, तो तिच्या गुडघ्यांपर्यंत आला. लोक ओरडत होते. बाईंच्या शेजारी येऊन आन्सिस उभा राहिला. टाळ्या वाजवत नव्हता, मंचाकडे बघत होता.

"चारवर मी पुढे जाणार होतो," तो म्हणाला. "तुमची सवय लागली."

"मलाही तीच लागलीये."

मग वर न बघता म्हणाला, "सप्टेंबरमध्ये मंगळवार-गुरुवारचे तास तुमच्याकडेच मागितलेत. सरांना नाही आवडलं."

"तू हात दाखवेपर्यंत मी एक सूर वाजवणार नाही, आन्सिस. तासभर गप्प बसावं लागलं तरी."

"आणि हात पडला तर?"

"पडेल," बाई म्हणाल्या. "मी तिथेच बसलेली असेन."